मायटर सॉ : मशीनला हात लावण्याआधी वाचायचा पाठ

मागच्या पाठात आपण लाकडी मायटर बॉक्स आणि हाताची करवत वापरून पंचेचाळीसचा काप कसा घ्यायचा ते पाहिलं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांचा प्रश्न होता, की मशीन असताना हाताने कशाला? प्रश्न बरोबर आहे. जे काम हाताने दहा मिनिटं घेतं, ते मायटर सॉवर दहा सेकंदांत होतं. पण हाताची करवत चुकली तर बोटाला खरचटतं. मशीन चुकली तर बोटच जातं. म्हणून हा पाठ प्रात्यक्षिकाच्या आधी वाचायचा, नंतर नाही.

आधी एक छोटं गणित करू. आपल्या वर्कशॉपमधल्या मशीनचं ब्लेड २५५ मिमी व्यासाचं आहे, म्हणजे बाजारात ज्याला दहा इंची म्हणतात ते. मशीनवरच्या पट्टीवर ४५०० आरपीएम लिहिलंय. म्हणजे सेकंदाला ७५ फेरे. ब्लेडचा परीघ साधारण ०.८ मीटर. ७५ गुणिले ०.८ म्हणजे सेकंदाला ६० मीटर, तासाला २१६ किलोमीटर. एक्स्प्रेस वेवर गाडी जेवढी पळवायची परवानगी आहे, त्याहून कितीतरी जास्त वेगाने तो दात फिरतो. आता दुसरी गोष्ट. काही चुकतंय हे डोळ्याला दिसून हात मागे घ्यायला चपळ माणसालाही साधारण ०.२ सेकंद लागतात. तेवढ्यात ब्लेडचे १५ फेरे होतात, आणि ६० दातांचं ब्लेड असेल तर ९०० दात त्या जागेवरून जाऊन आलेले असतात. "मी लक्ष ठेवून असतो, पटकन हात काढीन" असं म्हणणाऱ्याने हे गणित वहीत उतरवून घ्यावं. इथे चपळाई कामाची नाही. हात मुळातच लांब असायला हवा.

मशीनची ओळख

खाली बेस, त्यावर फिरणारं टेबल. टेबलावर अंशांची खूण असते, ० पासून दोन्ही बाजूंना ४५ पर्यंत, काही मशीनवर त्याहून थोडी पुढे. टेबलाच्या मागे उभी असते ती फेन्स, लाकूड टेकवायची भिंत. वर मोटर आणि ब्लेडचा भाग, त्याला आपण डोकं म्हणू. डोक्याला हँडल, हँडलमध्ये ट्रिगर. ब्लेडवर वरून पक्कं झाकण असतं आणि खालच्या अर्ध्या भागावर पारदर्शक प्लास्टिकचं हलणारं गार्ड. डोकं खाली आणलं की हे गार्ड आपोआप उघडतं, वर नेलं की आपोआप बंद होतं. या गार्डबद्दल पुढे बोलायचंच आहे.

एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचे बहुतेक नियम तिच्यातूनच निघतात. ब्लेड कुठल्या दिशेने फिरतं? तुमच्या बाजूचे दात वरून खाली येतात, आणि खालचे दात तुमच्यापासून दूर, फेन्सकडे जातात. म्हणजे ब्लेड लाकडाला स्वतःच फेन्सवर दाबतं. लाकूड फेन्सला घट्ट टेकलेलं असेल तर ही दिशा तुमच्या फायद्याची. पण लाकूड आणि फेन्समध्ये फट असेल, तर ब्लेड लाकडाला त्या फटीत ओढतं. लाकूड मागे आपटतं, वाकडं होतं, ब्लेडला चावतं आणि उसळतं. त्याला धरलेला हातही त्याच्यासोबत ब्लेडकडे खेचला जातो. बोटं कापली जातात ती फार वेळा अशी. माणूस मुद्दाम ब्लेडखाली हात घालत नाही, लाकूड त्याचा हात तिकडे नेतं.

म्हणून वाकलेली पट्टी कशी ठेवायची, हे विचारून घ्या. आपल्याकडे पावसाळ्यात सागवानाच्या, आणि पाइनच्या तर हमखास, पट्ट्या धनुष्यासारख्या होतात. फुगीर बाजू फेन्सला टेकवायची, आणि जिथे काप घ्यायचा तिथेच ती टेकलेली हवी. उलट ठेवली, म्हणजे मध्ये पोकळी राहिली, तर काप पुरा होताना दोन्ही तुकडे आत मिटतात आणि ब्लेड पकडून धरतात. गोल दांडा असेल तर तो ब्लेडखाली लोळतो. त्याला व्ही आकाराच्या खाचेचा ठोकळा लावून क्लॅम्प केल्याशिवाय कापायचंच नाही.

अंगावर काय असावं, काय नसावं

चष्मा हवाच, बाजूने बंद असलेला. नंबरचा चष्मा चालत नाही. कानात प्लग किंवा वरून मफ. या मशीनचा आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमांत ९० डेसिबलला ८ तास आणि १०० डेसिबलला फक्त २ तास अशी मर्यादा धरलेली आहे. सुतारकामात तीस वर्षं काढलेल्या माणसाशी बोलताना आपल्याला आवाज का चढवावा लागतो, याचं उत्तर तिथे आहे.

धूळ हा विषय आपल्याकडे फार हलक्यात घेतला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ १९९५ सालीच माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकली. नाक आणि नाकाच्या आसपासच्या पोकळ्यांचा कर्करोग. एमडीएफ कापताना तर लाकडाच्या बारीक पिठासोबत त्यातली रेझिनही हवेत उडते. तोंडाला रुमाल बांधल्याने ही बारीक धूळ थांबत नाही. धुळीचा मास्क घालायचा, आणि मशीनच्या मागच्या तोंडाला पिशवी किंवा व्हॅक्यूमचा पाइप जोडायचा.

आता काय नसावं. हातमोजे नसावेत. हे ऐकून दरवर्षी कोणीतरी चमकतं, कारण सुरक्षा म्हटलं की हातमोजे आठवतात. फिरणाऱ्या ब्लेडला मोज्याचा धागा लागला तर ब्लेड अख्खा मोजा ओढून घेतं, आतल्या हातासकट. ब्लेड बदलताना मात्र मोजे घाला, तेव्हा मशीन बंद असते आणि दात धारदार असतात. लांब बाही कोपरापर्यंत दुमडा. मुलींनी ओढणी काढून ठेवायची, वेणी टोपीत किंवा ॲप्रनच्या आत. अंगठी, कडं, घड्याळ, गळ्यातली साखळी काढायची. मनगटाचा गंडा-दोरा काढायचा नसेल तर त्यावर घट्ट पट्टी बांधा आणि बाही वर करा. श्रद्धा तुमची, पण लोंबणारा दोरा मशीनवर चालणार नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमातसुद्धा चालू यंत्राजवळ काम करणाऱ्याने अंगाला घट्ट बसणारे कपडे घालावेत असं कलम होतं. तेव्हा हे काय सरांचं खूळ नाही.

वीज

मशीन १६०० ते १८०० वॅटची असते. २३० व्होल्टवर म्हणजे सात-आठ अँपियर. घरातल्या ६ अँपियरच्या सॉकेटवर ती लावायची नाही. १६ अँपियरचा सॉकेट, अर्थिंग असलेली तीन पिनांची प्लग, आणि लाइनवर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी. एक्स्टेंशन लागलंच तर जाड वायरीचं, २.५ चौरस मिमीचं, आणि पूर्ण उलगडून ठेवलेलं. गुंडाळलेली वायर तापते. बारीक, लांब वायरीवर व्होल्टेज पडतं, मोटर दमते, ब्लेड कापात अडकतं.

काही ठिकाणी ट्रिगरला रबर किंवा तार गुंडाळून ठेवलेली असते, बोट दुखू नये म्हणून. आता विचार करा. काम चालू असताना लाइट गेली, तुम्ही चहाला गेलात. लाइट आली. मशीन आपोआप सुरू झाली, आणि तिच्यासमोर कोणीतरी झाडू मारतंय. लाइट गेली की पहिलं काम प्लग काढायचं. आणि ट्रिगरला काहीही बांधायचं नाही.

काप घेण्याची पद्धत

आता हाताने करायचं काम. पहिल्या तासाला हे सगळं मशीनचा प्लग काढून करायचं आहे.

लाकूड टेबलावर सपाट आणि फेन्सला घट्ट. पट्टी लांब असेल तर टेबलाबाहेरच्या टोकाखाली त्याच उंचीचा आधार. मित्राला टोक धरून उभं करू नका. तो कापाच्या शेवटी टोक वर उचलतो किंवा ओढतो, आणि ब्लेड अडकतं. आधार म्हणजे स्टँड किंवा मोजून केलेला ठोकळा.

ब्लेडच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा इंचांवर, म्हणजे १५० मिमीवर, टेबलावर आणि फेन्सवर लाल टेप लावलेली आहे. या दोन टेपांच्या मधल्या जागेत ब्लेड फिरत असताना हात येणार नाही. कधीच नाही. पडलेला तुकडा उचलायलाही नाही, भुसा फुंकायला वाकायचंही नाही. अर्थ सरळ आहे. ज्या तुकड्याला टेपच्या बाहेरून धरता येत नाही, तो हाताने धरायचा नाही, क्लॅम्पने धरायचा. आणि क्लॅम्पनेही नीट बसत नसेल इतका लहान असेल, तर लांब पट्टीतूनच शेवटी कापून घ्यायचा किंवा हाताच्या करवतीने. चार इंचांच्या तुकड्याचं टोक नुसतं 'जरासं साफ करायला' मशीनवर घेणं, इथे माझ्या माहितीतल्या एका मुलाने उजव्या तर्जनीचं पेर घालवलं. आयटीआय करून दोन वर्षं झाली होती, हात चांगला होता, फ्लॅटमध्ये स्कर्टिंगच्या पट्ट्या बसवत होता. संध्याकाळ झालेली, शेवटची खोली. आज तो रंधा धरतो, पण पटाशीचं बारीक काम करत नाही.

उजव्या हातात हँडल असेल तर डावा हात ब्लेडच्या डाव्या बाजूचं लाकूड धरतो. हातांची फुली व्हायला नको. उजवीकडचं लाकूड धरायचं असेल तर हँडल डाव्या हातात घ्या. सवय नसली तरी घ्या. अंगाने ब्लेडच्या रेषेत उभं राहू नका, किंचित बाजूला.

प्लग काढलेला असताना डोकं एकदा पूर्ण खाली आणून बघा. ब्लेड कुठे जातं, क्लॅम्पला लागतं का, तिरक्या कापात फेन्सला घासतं का. डोकं बाजूला कललेलं असेल तर वरची सरकती फेन्स बाहेर सरकवावी लागते, हे विसरून फेन्स कापलेल्या मशीन मी तीन-चार तरी पाहिल्यात.

मग प्लग. ट्रिगर दाबा आणि थांबा. ब्लेडचा आवाज चढत जाऊन एका सुरात स्थिर होतो, तोवर लाकडाला टेकवायचं नाही. मग डोकं हळू, एका गतीने खाली. दाबायचं नाही, ब्लेडला खाऊ द्यायचं. मोटरचा सूर खाली पडला म्हणजे तुम्ही घाई करताय. काप पूर्ण झाला की डोकं खालीच ठेवा, ट्रिगर सोडा, ब्लेड पूर्ण थांबू द्या, मग वर उचला. नवीन मुलं नेमकी इथे चुकतात. फिरतं ब्लेड वर उचललं की सुटलेला तुकडा दातांना लागतो आणि गोफणीतल्या दगडासारखा सुटतो. ब्रेक असलेली मशीन काही सेकंदांत थांबते, बिनब्रेकची जास्त वेळ घेते. थांबायचं म्हणजे थांबायचं.

सरकणारी, म्हणजे स्लायडिंग मशीन असेल तर क्रम वेगळा. डोकं आधी स्वतःकडे ओढा, मग सुरू करा, खाली आणा आणि फेन्सकडे ढकलत कापा. फिरतं ब्लेड लाकडात घालून स्वतःकडे ओढलं, तर दात लाकडावर चढतात आणि अख्खं डोकं तुमच्या अंगावर धावतं.

एकाच मापाचे पुष्कळ तुकडे हवे असतील तर फेन्सला ठोकळा लावून माप पक्कं करतो. ज्या बाजूला ठोकळा, त्याच बाजूला तुमचा हात किंवा क्लॅम्प. ठोकळा आणि ब्लेडच्या मध्ये मोकळा, न धरलेला तुकडा अडकला तर त्याला जायला जागा नसते, तो फक्त वर उडू शकतो. ठोकळ्याचा खालचा कोपरा थोडा तासून ठेवा, म्हणजे भुसा साचून माप चुकत नाही.

अंशांचा हिशोब

सुरक्षितता झाली, आता अचूकपणा. चौकोनी फ्रेमला ४५ लावायचे हे सगळ्यांना पाठ आहे. षटकोनी ट्रेला किती? १८० भागिले बाजूंची संख्या. सहा बाजू, ३० अंश. अष्टकोनी घड्याळाच्या चौकटीला २२.५. मशीनवरची खूण सरळ काप शून्य धरून मोजते, तेव्हा षटकोनाचा कोपरा १२० अंशांचा म्हणून खुणेवर ६० शोधत बसू नका.

आता खूण अर्ध्या अंशाने चुकलेली आहे असं धरा. अर्धा अंश डोळ्याला दिसतही नाही. पण फ्रेमला आठ काप असतात. आठ गुणिले अर्धा, चार अंश. तीन कोपरे घट्ट बसतात आणि चौथ्यात चार अंशांची फट उघडते. मग मुलं भुसा आणि फेविकॉल कालवून भरतात. त्यापेक्षा मशीन तपासा. रुंद, दोन्ही कडा समांतर असलेली पट्टी शून्यावर कापा, एक तुकडा उलटा करा, दोन्ही फेन्सला टेकवून कापलेली तोंडं भिडवा. फट दिसली तर ती खऱ्या चुकीच्या दुप्पट दिसते, म्हणून लहान चूकही पकडता येते. ब्लेड टेबलाला काटकोनात उभं आहे का हे गुण्या लावून बघा, गुण्या दाताला नाही, दातांच्या मधल्या पत्र्याला टेकवून. आणि काप २ ते ३ मिमी जाड असतो. ब्लेड रेघेच्या टाकाऊ बाजूला ठेवा.

ब्लेडबद्दल

बारीक, स्वच्छ आडव्या कापाला ६० ते ८० दातांचं कार्बाइड टोकाचं ब्लेड, ज्याचे दात पुढे फार झुकलेले नाहीत. पुढे झुकलेल्या दातांचं टेबल सॉचं ब्लेड इथे लाकडाला अधाशासारखं ओढतं. ब्लेडवर लिहिलेला कमाल आरपीएम मशीनच्या आरपीएमपेक्षा जास्त असलाच पाहिजे, आणि मधलं भोक मशीनच्या दांड्याला नेमकं बसलं पाहिजे. भोक मोठं निघालं तर वॉशर कापून 'ॲडजस्ट' करायचं नाही. ब्लेड बदलताना प्लग काढलेला, आणि बोल्ट बहुतेक मशीनवर उलट्या आट्याचा असतो, घड्याळाच्या दिशेने फिरवला की सैल होतो.

लोखंड कापायची चॉप मशीन आणि ही मशीन लांबून सारख्या दिसतात. एकीची चकती दुसरीत घालायची नाही. मायटर सॉमध्ये लोखंडाची घासणारी चकती लावली तर ठिणग्या थेट भुशाच्या पिशवीत जातात.

जुन्या वाड्याचं सागवान कापायला आलं तर आधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधा. शंभर वर्षांपूर्वीच्या सुताराने ठोकलेला खिळा आत बसलेला असतो, वर दिसत नाही.

साईटवर गार्ड नसेल तर?

खरी अडचण इथे आहे. वर्कशॉपमध्ये सगळे नियम पाळतात. तुम्ही इंटिरियरच्या साईटवर जाल तेव्हा मशीनचं खालचं गार्ड तारेने वर बांधलेलं किंवा काढून फेकलेलं दिसेल. "रेघ दिसत नाही," "अडकतं," "वीस वर्षं असंच चालतंय." गार्ड अडकतं हे खरं असतं, कारण त्यात राळ आणि भुसा साचलेला असतो. पाच मिनिटं लागतात, ब्रशने आणि ओल्या फडक्याने साफ करा, मग ते सहज हलतं. रेघ दिसत नाही म्हणजे प्लास्टिक धुळीने पांढरं झालंय.

मिस्त्रीशी वाद घालू नका, नवीन पोराचं कोण ऐकतं? "मिस्त्री, पाच मिनिटं द्या, गार्ड साफ करून लावतो, मग कापतो," एवढं म्हणा. बहुतेक जण नाही म्हणत नाहीत, फुकटात मशीन साफ होतेय. नाही म्हणालेच, तर तुम्ही त्या मशीनवर कापू नका, हाताची करवत काढा. त्या दिवशी हसतील. कारखाने अधिनियमाच्या कलम २३ मध्ये तरुण कामगाराला धोकादायक यंत्रावर लावण्याआधी त्याच्या धोक्यांची पूर्ण माहिती आणि पुरेसं प्रशिक्षण द्यावं, असं होतं. फ्लॅटमधल्या साईटवर ते कलम कोणी वाचून दाखवणार नाही, म्हणून ते तुम्ही माहीत करून घ्या.

आणि तरीही लागलं तर

प्लग काढा. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, हात छातीच्या वर. हळद, कॉफी, चुना काही टाकू नका, डॉक्टरला आधी तेच धुवावं लागतं. बोटाचा तुकडा वेगळा झाला असेल तर तो शोधा. ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळा, कोरड्या प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. तुकडा थेट बर्फात ठेवायचा नाही, पेशी गोठून मरतात. १०८ ला फोन करा, आणि सूक्ष्म शस्त्रक्रिया करणारा प्लास्टिक सर्जन असलेलं रुग्णालय कुठे आहे ते विचारा. ते नाव आणि नंबर आजच वर्कशॉपच्या भिंतीवर लिहून ठेवायचं काम पहिल्या तुकडीकडे.

पुढच्या तासाला येताना

वहीत करून आणा : (१) पाच बाजूंच्या चौकटीला मशीन किती अंशांवर लावाल? (२) ३०५ मिमी व्यासाचं ब्लेड ४००० आरपीएमने फिरत असेल तर दाताचा वेग तासाला किती किलोमीटर? (३) दोन फूट लांबीच्या पट्टीतून तीन इंचांचे चार तुकडे काढायचे आहेत. कोणत्या क्रमाने कापाल, आणि कितव्या कापाला हात टेपच्या आत जाऊ लागतो म्हणून क्लॅम्प घ्यावा लागेल? आकृती काढा. तिसऱ्याचं उत्तर दाखवल्याशिवाय मशीनचा प्लग लागणार नाही.